दारात आलेला कोर्टाचा कागद

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मी काही बोलणारी बाई नव्हे. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. त्यानंतर पाटीपेन्सिल सुटली आणि चूल आली. पण चिटणीसबाई म्हणाल्या, “तुमच्यावर जो प्रसंग आला तो सर्वांना सांगा, त्याचा उपयोग होईल.” म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

माझे माहेर मुरबाड तालुक्यात, सासर शहापूर तालुक्यात. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच पाहिली. दारात सरकारी कागद आला की बाईच्या पोटात गोळा येतो. माझी आजी सांगायची, की तिच्या तरुणपणी तगाद्याला कोणी येणार असे नुसते कानावर आले तरी बायका तांब्याचा हंडा पेंढ्यात लपवीत. आजी स्वतः हंडा शेजारणीच्या माळ्यावर ठेवून येई. माणूस येऊन जाई, हंडा परत घरी येई. बाकी मात्र जशीच्या तशी राही. लहानपणी या गोष्टीचे आम्हाला हसू येई. पण माझ्यावर वेळ आली तेव्हा मीही तेच केले. फरक इतकाच, की आजीने हंडा लपवला आणि मी कागद लपवला.

गोष्ट गेल्या वर्षीची. गौरी-गणपतीला आठ-दहा दिवस होते. लावणी होऊन गेली होती, घर सारवायला काढले होते. आमचे हे भिवंडीकडे गोदामात कामाला, रविवारचे तेवढे घरी. दुपारी ग्रामपंचायतीचा शिपाई आला आणि हातात एक कागद देऊन वहीवर सही घेऊन गेला. मी वाचू लागले. वर मोठ्या अक्षरात “न्यायालय” असे छापलेले. खाली माझ्या सासऱ्यांचे नाव. ते जाऊन सहा वर्षे झाली. त्यांच्या नावापुढे थकबाकी ६,३०० रुपये, आणि अमुक तारखेला शहापूरच्या कोर्टात हजर राहावे, असे लिहिलेले. पुढचे मी वाचलेच नाही. हातपाय गळाले. मेलेल्या माणसाला कोर्टाने बोलावले, आता त्यांच्या जागी आमच्या ह्यांना धरून नेतील, असे मनात आले. कागदाची घडी केली आणि तांदळाच्या डब्यात तळाशी घातली.

आता बाकी कशी राहिली तेही सांगते, कारण झाकून उपयोग नाही. आमची घरपट्टी, दिवाबत्ती आणि आरोग्यकर मिळून वर्षाला ७८० रुपये आणि नळाची पट्टी ७२०. म्हणजे वर्षाचे १,५०० रुपये. एका वर्षी मुलीच्या फीला पैसे गेले. पुढच्या वर्षी छपराचे पत्रे उडाले. त्यानंतर मात्र मी हट्टानेच भरले नाही. म्हटले, चैत्र-वैशाखात नळाला थेंब येत नाही, टँकरच्या मागे धावावे लागते, मग पट्टी कशाची भरायची? त्या रागात पाणीपट्टीबरोबर घरपट्टीही राहिली. चार वर्षांचे ६,००० आणि वर दंडाचे ३००, असा तो आकडा होता.

रविवारी हे आले, पण मी बोलले नाही. मंगळवारी बाजाराचे निमित्त करून तालुक्याच्या गावी गेले. तिथे कागद लिहून देणारा एक इसम भेटला. त्याने कागद नीट पाहिलासुद्धा नाही. म्हणाला, “बाई, प्रकरण कठीण आहे, पण ७०० रुपये द्या, मिटवून टाकतो.” गणपतीच्या सामानाला आणलेले पैसे मी त्याच्या हातात ठेवले. पावती मागायचे सुचले नाही. तो इसम पुन्हा दिसला नाही. त्या सातशे रुपयांत आमच्या वर्षाच्या पट्टीचा जवळजवळ अर्धा भाग भागला असता.

त्याच आठवड्यात मंडळाची बैठक होती. मी गप्प बसले होते. शेजारच्या काकूंनी विचारले, “चेहरा का उतरला?” तेव्हा मला रडूच आले आणि पिशवीतला कागद बाहेर काढला. चिटणीसबाईंनी तो सगळ्यांसमोर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला. आणि मग काय झाले? एक म्हणाली, “माझ्याकडे पण असाच आलाय.” दुसरी म्हणाली, “माझा देव्हाऱ्यामागे आहे.” बघता बघता पाच जणींकडे तोच कागद निघाला. पाचही जणींना वाटत होते, की गावात आपल्यावरच ही पाळी आली आहे.

नीट वाचल्यावर कळले, की तो खटल्याचा कागद नव्हताच. त्यावर “राष्ट्रीय लोकअदालत” आणि “दाखलपूर्व प्रकरण” असे शब्द होते. दाखलपूर्व म्हणजे दावा अजून कोर्टात लागलेला नाही; लागण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी बसून मिटवायचे असेल तर या, असे ते बोलावणे. ग्रामपंचायती आपली थकलेली घरपट्टी-पाणीपट्टी अशा रीतीने लोकअदालतीपुढे ठेवतात. हे काम तालुका विधी सेवा समितीमार्फत चालते, म्हणून कागदावर कोर्टाचे नाव येते. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चारदा, बहुधा शनिवारी भरते. तिथे फी लागत नाही आणि जुलमाने निकालही लावत नाहीत. दोन्ही बाजू कबूल झाल्या तरच तडजोड लिहितात.

भगिनींनो, त्यानंतर मी विचारून-विचारून जे शिकले ते तुम्हाला क्रमाने सांगते. असे कागद तीन तऱ्हेचे येतात, आणि तिन्ही निरनिराळे आहेत.

पहिला कागद ग्रामपंचायतीचा. आधी कराचे बिल येते, त्यात भरण्याची तारीख असते. ती टळली तर मागणीची नोटीस येते. ती पोचल्यावर तीस दिवसांतही पैसे भरले नाहीत, तर ग्रामपंचायतीला घरातील जंगम वस्तू जप्त करून विकण्याचा अधिकार आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या १२९ व्या कलमात हे आहे. त्यासाठी तिला कोर्टात जावेच लागते असे नाही. म्हणजे गंमत पहा, कोर्टाचे नाव असलेल्या कागदाला आपण घाबरतो आणि ग्रामपंचायतीची साधी नोटीस चुलीत घालतो! खरे तर नोटीस जास्त जपून ठेवायला हवी.

दुसरा कागद लोकअदालतीचा; तो सांगितला. तिथे गेले नाही म्हणून कोणी धरून नेत नाही. पण बाकी फिटत नाही, आणि पुढची वसुली चालू राहते. तेव्हा जाण्यातच आपले हित आहे.

तिसरा कागद म्हणजे खरे समन्स. त्यावर दाव्याचा नंबर असतो, कोर्टाचा शिक्का असतो, तारीख असते आणि बरोबर दाव्याची नक्कल असते. हा कागद घेतलाच नाही म्हणून सुटका होत नाही. दाराला चिकटवूनही तो बजावता येतो. आणि तारखेला कोणीच गेले नाही तर आपले म्हणणे न ऐकता एकतर्फी निकाल होऊ शकतो. लेखी उत्तर द्यायला साधारण तीस दिवस असतात. म्हणून समन्स आले की त्याच आठवड्यात वकील गाठावा.

वकील म्हटले की पैशाचा प्रश्न येतो. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तिचे उत्पन्न किती, हे तिथे पाहत नाहीत. शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे कोर्ट आहे. तिथे तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. १५१०० या नंबरावर फोन करूनही माहिती मिळते. हे मला आधी ठाऊक असते तर माझे सातशे रुपये वाचले असते. आमच्या मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाई कोतवाल वकील होते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ज्या मुलखाने गरिबांसाठी प्राण देणारा वकील पाहिला, तिथल्या बायकांनी वकिलाची पायरी चढायला भिऊ नये, असे मला वाटते.

आणखी एक भीती काढून टाकते. मला वाटत होते की पोलीस येतील. पट्टी थकणे हा काही चोरीचा गुन्हा नव्हे. आणि पैशाच्या दिवाणी हुकुमासाठी स्त्रीला अटक करून तुरुंगात ठेवता येत नाही, असे दिवाणी कायद्यात स्पष्ट आहे. दिवाणी कोर्टाच्या जप्तीतही अंगावरचे लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईने अंगावरून काढू नयेत असे दागिने यांना हात लावता येत नाही. माझ्या आजीला हे कोणी सांगितले असते तर बिचारीने हंडा माळ्यावर नेला नसता. पण याचा अर्थ पट्टी बुडवावी असा कोणी घेऊ नका. भीती नको म्हणून सांगते.

आता पुढची हकीकत. त्या रात्री ह्यांना फोन करून सगळे सांगितले. मला वाटले होते, रागावतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “आबांची पावत्यांची तार बघितलीस का?” सासरे जुन्या वळणाचे. प्रत्येक पावती दाराआडच्या तारेत ओवून ठेवीत. पुढे ह्यांनीही तीच सवय चालू ठेवली होती. तार काढली, धूळ झटकली आणि एक-एक पावती पाहिली. थकबाकीच्या चार वर्षांपैकी एका वर्षाची पावती त्यात निघाली! १,५०० रुपये भरलेले, शिक्का आणि सही सगळे ठीक.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचही जणी आणि चिटणीसबाई ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. आपल्या तोंडी मात्र अजून भाऊसाहेबच. चिटणीसबाईंनी सांगितले होते, की रागाने बोलायचे नाही आणि रडायचे नाही. आठ नंबरचा आणि नऊ नंबरचा नमुना दाखवा म्हणायचे. आठ नंबरात आपल्या घराची आकारणी असते आणि नऊ नंबरात कोणत्या वर्षी किती मागणी, किती वसूल, किती बाकी ते असते. भाऊसाहेबांनी वही काढली. माझी पावती तिथे नोंदली गेली नव्हती. त्यांनी पावतीपुस्तकाशी ताडून पाहिले आणि चूक कबूल केली. दुसऱ्या एकीचा पडून गेलेला गोठा अजून आकारणीत धरलेला होता. तिला पाहणीसाठी अर्ज द्यायला सांगितले. आकारणीच मान्य नसेल तर पंचायत समितीकडे अपील करता येते, तेही तिथे कळले. मात्र ते मुदतीत करावे लागते.

सासऱ्यांच्या नावाचेही तेव्हाच काढले. मृत्यूचा दाखला आणि वारसांचा जबाब जोडून अर्ज दिला, आणि नव्या नोंदीत ह्यांच्या नावाबरोबर माझेही नाव घालावे असे लिहिले. ह्यांची संमती होती. एक लक्षात ठेवा, आठचा उतारा करासाठी असतो. तेवढ्यावर घराची मालकी सिद्ध होत नाही. तरी ज्या घरात आपला जन्म जातो त्याच्या कागदावर आपले नाव असावे, एवढे वाटणे काही वावगे नाही.

लोकअदालतीच्या शनिवारी आम्ही सकाळीच शहापूरला गेलो. कोर्टाच्या आवारात जत्रेसारखी गर्दी होती. एका टेबलाशी न्यायाधीश साहेब आणि एक वकीलबाई बसल्या होत्या. काळजात धडधड होती, पण त्यांनी घरच्यासारखेच विचारले, “बाई, हिशोब मान्य आहे का?” मी पावती पुढे केली. भाऊसाहेबांनीही वही उघडली. त्या वर्षाचे १,५०० आणि त्यावरचा ७५ रुपये दंड वजा झाला. ६,३०० चे ४,७२५ राहिले. एवढे एकदम देता येणार नाहीत असे मी सांगितले. शेवटी १,७२५ त्याच दिवशी आणि उरलेले ३,००० तीन महिन्यांत हजार-हजार करून द्यायचे ठरले. पहिल्या दिवसाची रक्कम आपल्या मंडळाच्या बचत गटाने दिली होती. ती मी कधी विसरणार नाही.

सही करण्यापूर्वी मी म्हटले, “साहेब, काय लिहिलेय ते मला वाचून दाखवा.” त्यांनी वाचून दाखवले. हे मी मुद्दाम सांगते. लोकअदालतीत लिहिलेली तडजोड म्हणजे कोर्टाचा हुकूमनामाच, आणि त्यावर अपील नाही. म्हणून आकडा, हप्ते, तारखा सगळे समजल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका. “समजले नाही” म्हणायला लाज कसली? न समजता सही केली तर मात्र पुढे पस्तावण्याची पाळी येते.

मी तिथे पाण्याचेही बोलले. तानसा आणि भातसा ही धरणे आपल्या शहापूर तालुक्यात. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जाते. आणि धरणाच्या उशाशी राहून आपल्या कित्येक पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात हंड्यावर हंडा ठेवून मैलभर चालतात. मग पाणीपट्टी कशी मागता, असे मी विचारले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, “तुमची तक्रार खरी असेल, पण ती लेखी ग्रामसभेत मांडा. त्यासाठी घरपट्टी थांबवली तर तक्रार बाजूला राहते आणि तुम्ही बाकीदार ठरता.” पहिल्यांदा मला राग आला. घरी येऊन विचार केला तेव्हा पटले. चार वर्षे मी रागाने पट्टी भरली नाही, पण रागाचे एक अक्षरही कुणाला लिहून दिले नव्हते. मग तो राग कळणार कुणाला?

पुढे ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिलांच्या सभेत आम्ही अर्ज दिला, की ज्या महिन्यांत नळाला पाणी नाही त्या महिन्यांची पट्टी घेऊ नये. तो ठराव वहीत लिहिला गेला आहे. निर्णय अजून झालेला नाही, हे खरे सांगते. पण आता मागणी कागदावर आहे, आणि विचारणारीचा आवाजही खणखणीत आहे, कारण तिची बाकी शून्य आहे.

पट्टी का भरावी, तर त्याचेही कारण सांगते. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातून शेकडा १० महिला व बालकल्याणावर, शेकडा १५ मागासवर्गीयांसाठी आणि शेकडा ५ अपंग बंधुभगिनींसाठी खर्च करायचे असतात. ते उत्पन्न मुख्यतः आपल्या पट्टीचेच. आपण भरले तर आपल्या दहा टक्क्यांचे काय केले, असे महिलांच्या सभेत विचारता येते. शिवाय आता ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. कराचे बिल रीतसर मिळून तीन महिन्यांत जो भरत नाही, त्याला सदस्य होता येत नाही आणि असलेले सदस्यपदही जाऊ शकते. तेव्हा उद्या आपल्यातल्या एखादीला उभे राहायचे असेल, तर पावती तयार हवी. पट्टी एप्रिल ते सप्टेंबरमध्ये भरली तर शेकडा ५ सूट मिळते, आणि वर्ष उलटले की शेकडा ५ दंड बसतो. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण. ही सूट का सोडावी?

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही गावांत आता नगरपंचायती आहेत. तिथल्या भगिनींचा कायदा आणि कचेरी निराळी आहे. पण कागद वाचावा, पावती जपावी आणि तारखेला जावे, हे दोन्हीकडे सारखेच.

शेवटी मंडळाला तीन विनंत्या करते. एक, प्रत्येक घरात एक पिशवी करावी आणि घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल यांच्या पावत्या त्यातच ठेवाव्यात. आबांच्या तारेने आमचे १,५७५ रुपये वाचवले. दोन, दर बैठकीत पहिली पंधरा मिनिटे कागद वाचण्यासाठी ठेवावीत. ज्या बहिणीला वाचता येत नाही तिचा कागद दुसरीने मोठ्याने वाचावा. तीन, ३० सप्टेंबरच्या आधीच्या बैठकीत सर्वांना पट्टीची आठवण करावी, आणि ज्यांना अडचण असेल त्यांना बचत गटाने हात द्यावा.

भगिनींनो, तीन हप्ते फेडून आमची बाकी फिटली. शेवटची पावती मी स्वतः तारेत ओवली. त्या दिवशी हे म्हणाले, “आबा असते तर शाबासकी दिली असती.” मला तेवढे पुष्कळ झाले. पण ते पंधरा दिवस मी जेवले नाही, झोपले नाही, पोरांवर उगीच ओरडले. ते कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. तुमच्यावर तसे दिवस येऊ नयेत म्हणून हे सगळे सांगितले. कागद आला तर तांदळाच्या डब्यात घालू नका. मंडळात घेऊन या.